ताई, डाव्या डोळ्याचं काय?

अमळनेरच्या एका ताईंचं पत्र आलंय. बरंच मोठं आहे, कामापुरतं देतो.

"डॉक्टर साहेब, आमचा टायगर सात वर्षांचा कॉकर स्पॅनियल कुत्रा, वजन १२ किलो. आखाजीच्या आदल्या दिवशी त्याचा उजवा डोळा लाल झाला, पाणी गळायला लागलं. शेजारचे म्हणाले डोळ्यात फूल पडतंय. मेडिकलवाल्याने एक ड्रॉप दिला तो आम्ही बारा दिवस घातला. डोळा निळसर झाला, मोठाही दिसायला लागला, मग धुळ्याला नेलं. तिथं डोळ्याचं प्रेशर ५२ निघालं, काचबिंदू आहे म्हणाले. शिरेतून एक बाटली लावली आणि काही तास पाणी देऊ नका म्हणाले, बाहेर ४४ डिग्री, जीव तुटत होता हो. आता डोर्झोलामाइड-टिमोलॉलचा एक ड्रॉप आणि लॅटानोप्रोस्टचा दुसरा असे चालू आहेत. परवा प्रेशर २१ आलं. मग आता ड्रॉप बंद करू का? माझ्या सासूबाईंनाही काचबिंदू आहे, फ्रीजमध्ये त्यांची लॅटानोप्रोस्टची बाटली आहे, तीच टायगरला चालेल का? त्यांच्या जुन्या ॲसिटाझोलामाइडच्या गोळ्या पण पडून आहेत. आणि उजव्या डोळ्याने परत दिसेल का? सासूबाई म्हणतात, मनापेक्षा (माझ्यापेक्षा) कुत्रालेच जास्त औषध चालू शे."

ताई, आधी सासूबाईंना नमस्कार सांगा, त्या घरातल्या सगळ्यात अनुभवी पेशंट आहेत आणि त्यांचा पुढे उपयोग होणार आहे.

पहिलं उत्तर एका शब्दात. नाही. ड्रॉप बंद करायचे नाहीत. २१ आलं ते ड्रॉपमुळे आलंय, आजार गेला म्हणून नाही. कुत्र्याचं नॉर्मल प्रेशर साधारण १० ते २५ च्या आसपास असतं, म्हणजे २१ चांगलंच आहे, पण ते टेकू लावून उभ्या केलेल्या भिंतीसारखं आहे, टेकू काढला की भिंत येते खाली, आणि ती दोन-तीन दिवसांतच येऊ शकते, तुम्हाला पुढच्या तपासणीच्या तारखेपर्यंत कळणारही नाही.

हे असं का, ते नीट सांगतो, कारण एकदा कळलं की कुठला ड्रॉप का घालायचा हे मला परत परत विचारावं लागणार नाही. डोळ्याच्या आत एक पाणी सतत तयार होतं. हे अश्रू नाहीत बरं का, अश्रू बाहेरचे, हे आतलं. ते तयार होतं, डोळ्यात फिरतं आणि बुबुळाच्या कडेला जी बारीक जाळी असते तिच्यातून निघून जातं. आपल्या केळीच्या बागेत ठिबक असतं ना, मोटर चालू आहे आणि ड्रिपर क्षाराने चोक झालेत, तर नळीत प्रेशर वाढतंच. तसंच. टायगरचा ड्रिपर चोक झालाय आणि मोटर चालूच आहे. उदाहरण शंभर टक्के बरोबर नाही कारण ड्रिपर ॲसिडने धुता येतो, ही जाळी नाही धुता येत, पण कामापुरतं चालेल.

तुमच्या पहिल्या बाटलीत दोन औषधं आहेत, डोर्झोलामाइड आणि टिमोलॉल, आणि दोन्ही मोटरचा वेग कमी करतात. दुसरी बाटली, लॅटानोप्रोस्ट, ती मोटरला हात लावत नाही, ती पाण्याला बाजूने दुसरी वाट काढून देते. म्हणून दोन बाटल्या. तुमच्या धुळ्याच्या डॉक्टरांनी काही उगाच जास्त औषध लिहिलेलं नाही, दोन्ही बाजूंनी धरलंय आणि बरोबर धरलंय.

आता त्या पाणी न देण्याबद्दल. ती बाटली मॅनिटॉलची असणार. एक प्रकारची साखरच आहे, रक्तात गेली की डोळ्याच्या आतलं पाणी ओढून घेते आणि लघवीवाटे बाहेर काढते, म्हणून प्रेशर तासाभरात धडाधड उतरतं. डोस किलोला एक ते दोन ग्रॅम, म्हणजे टायगरच्या १२ किलोला २० टक्क्यांच्या बाटलीतून ६० ते १२० मिली, आणि तेही वीस-तीस मिनिटांत हळू. लगेच पोटभर पाणी प्यायला दिलं तर ओढून काढलेलं पाणी परत भरून येतं, सगळी मेहनत वाया. म्हणून ते तहान सोसायला लावतात. ४४ डिग्रीत सावलीत, कूलरसमोर ठेवून ते काही तास काढले असतील तर तुम्ही बरोबरच केलं, त्यात वाईट वाटून घेऊ नका. पण हे औषध रोजचं नाही, त्याचा असर जेमतेम एक दिवस टिकतो, आणि किडनी किंवा हृदय कमजोर असेल तर ते देतच नाहीत. परत कधी कुणी लावायचं म्हणालं तर आधी रक्तात किडनी बघितली का एवढं विचारा.

सासूबाईंची बाटली. औषध तेच आहे, हो. कुत्र्याचं वेगळं लॅटानोप्रोस्ट आपल्याकडे मिळत नाही, माणसाचंच वापरतो, त्यामुळे मेडिकलवाला "हे तर माणसाचं आहे" म्हणून नाक मुरडत असेल तर हसून सोडून द्या. पण तीच बाटली नको. एक तर एका बाटलीचं टोक दोघांच्या डोळ्यांना लागणार, कुत्र्याच्या पापणीवरची घाण सासूबाईंच्या डोळ्यात, आणि त्यांच्या डोळ्याला काही झालं तर तुमच्या घरात काय होईल ते मी सांगायला नको. दुसरं, डोस वेगळा. माणसाला बहुतेक वेळा रात्री एकदा असतो, कुत्र्यात त्याचा असर लवकर ओसरतो म्हणून बऱ्याचदा दिवसातून दोनदा लागतो. तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं आहे, जरा थांबून वाचा. लॅटानोप्रोस्ट कुत्र्याची बाहुली एकदम बारीक करतं, टाचणीच्या टोकाएवढी, (तुम्ही टायगरच्या उजव्या डोळ्यात बघितली असेल आणि घाबरला असाल, घाबरू नका, ते औषधाचंच आहे) पण जर कुत्र्याच्या डोळ्यातली लेन्स जागेवरून सरकून पुढे आली असेल तर बाहुली बारीक होणं म्हणजे दार लावून घेणं, लेन्स अडकून बसते आणि प्रेशर आणखी वाढतं. डोळ्याच्या आत सूज असेल तरी हे औषध जपूनच. म्हणून शेजारच्या कुणाच्या कुत्र्याचा डोळा लाल झाला आणि तुम्ही दयेपोटी हीच बाटली उचलून दिली, असं होऊ देऊ नका. आपल्याकडे असं होतं, चांगल्या मनाने होतं, म्हणून बोललो.

सूज म्हटलं की गोचीड. खान्देशात उन्हाळ्यात आणि पावसाच्या सुरुवातीला गोचिडाचा ताप किती कुत्र्यांना होतो ते तुम्हाला माहीतच असेल, त्यात डोळ्याच्या आत सूज येते, कधी रक्तही उतरतं, आणि त्यातून काचबिंदू होऊ शकतो. तो काचबिंदू दुसऱ्या आजाराच्या पाठीवर बसून आलेला, त्याचा उपाय आधी त्या आजारावर. कॉकर जातीत मात्र बऱ्याचदा जाळीच जन्मतः अरुंद असते, वयाच्या चौथ्या ते नवव्या वर्षात कधी तरी ती बंद पडते, एकदम. बीगल, बॅसेट, हस्की, चाऊ चाऊ यांनाही हे वंशातून येतं. टायगरचं वय आणि जात बघता मला तरी हे वंशातलंच वाटतं, तरीपण गोचिडाच्या तापाची रक्ततपासणी झाली नसेल तर करून घ्या, फार मोठी गोष्ट नाही.

गोळ्या. ॲसिटाझोलामाइड तीच मोटर बंद करणारी गोळी आहे, पूर्वी आम्ही देत होतो, पण तुमच्या ड्रॉपमधलं डोर्झोलामाइड हेच काम डोळ्यातच करतंय, त्यावर पोटातून गोळी देऊन प्रेशर फारसं आणखी उतरत नाही आणि वर उलट्या, धाप, जुलाब, अंगातलं पोटॅशियम कमी होणं हे सगळं मागे लागतं. उन्हाळ्यात धापणारा कुत्रा आणि त्यात ही गोळी, नको. डबा सासूबाईंकडेच राहू द्या. आणि दुखतंय म्हणून घरातली माणसांची दुखण्याची गोळी, ती ब्रूफेन का काय, अजिबात नको, कुत्र्याच्या पोटाला आणि किडनीला ती विष आहे. दुखण्याचं औषध डॉक्टरांकडून वजनावर मोजून घ्या.

आता मेडिकलवाल्याचे ते बारा दिवस. मी चिडणार नाही कारण माझीही एक चूक आहे, प्रॅक्टिस नवीन होती, प्रेशर मोजायचं यंत्र नव्हतं, एका स्पिट्झचा लाल डोळा आला आणि मी आतली सूज समजून ॲट्रोपिन घातलं. ॲट्रोपिन बाहुली मोठी करतं, काचबिंदूत त्याने प्रेशर चढतं. दोन दिवसांनी तो कुत्रा भिंतीला डोकं टेकवून उभा होता, ते अजून डोळ्यासमोर आहे. त्यानंतर मी आधी टोनोमीटर घेतलं आणि मग क्लिनिकचा फॅन. तर लाल डोळा म्हणजे "डोळे आले" हे माणसात बऱ्याचदा खरं असतं, कुत्र्यात एकच डोळा लाल, निळसर धूर, बाहुली मोठी आणि उजेडात बारीक न होणारी असं दिसलं की त्याच दिवशी प्रेशर मोजायला जायचं. डेक्सा म्हणजे स्टेरॉइड असलेला ड्रॉप तर कुणाच्याही सांगण्यावरून घालू नका, बुबुळावर जखम असेल तर डोळा फुटायची वेळ येते, आधी ती हिरवा रंग देणारी पट्टी लावून जखम नाही हे बघावं लागतं.

दिसेल का परत? ताई, गोड बोलत नाही. ५० च्या वरचं प्रेशर एक-दोन दिवस राहिलं तरी मागचा पडदा आणि नस मरायला लागते, आणि मेलेली नस परत उगवत नाही. बारा दिवस झालेत आणि डोळा मोठा झालाय. घरी बघायचं असेल तर डावा डोळा हळूच तळहाताने झाका आणि उजव्यासमोर वरून कापसाचा बोळा सोडा, कापसाचाच कारण त्याचा आवाज येत नाही आणि वाराही लागत नाही, नाहीतर कुत्रा आवाजावर मान वळवतो आणि आपण म्हणतो दिसतंय की. बोळ्याकडे नजर गेली तर मी चुकलो आणि मला फार आनंद होईल. नाही गेली तर त्या डोळ्यातले ड्रॉप आता दिसण्यासाठी नाहीत, दुखू नये म्हणून आहेत. आणि ते दुखतं हो, फार दुखतं, माणसं डोकं धरून बसतात, कुत्रा फक्त जास्त झोपतो, डोक्याला हात लावू देत नाही, जेवताना मन लागत नाही, आणि आपण म्हणतो वय झालं.

पण ताई, तुमचं एवढं मोठं पत्र मी दोनदा वाचलं. उजवा डोळा सतरा वेळा आलाय. डावा एकदाही नाही.

वंशातला काचबिंदू एका डोळ्यात आला की दुसऱ्यातही येतोच म्हणायचा, फक्त कधी तेवढं बाकी. अमेरिकेत यावर मोठा अभ्यास झाला, २००० साली छापून आला. एका डोळ्याला काचबिंदू झालेल्या कुत्र्यांच्या दुसऱ्या, चांगल्या डोळ्यात काहीच घातलं नाही तर साधारण ८ महिन्यांत तोही गेला, आणि रोज प्रतिबंधाचा ड्रॉप घातला तर तेच साधारण ३१ महिन्यांवर गेलं. आठ आणि एकतीस. कुत्र्याच्या आयुष्यात दोन वर्षं म्हणजे किती ते तुम्हीच बघा, टायगर सात वर्षांचा आहे. त्या अभ्यासात वापरलेला एक ड्रॉप टिमोलॉलच्याच घरातला होता, बीटॅक्सोलॉल. इथे बरेच डॉक्टर त्या जागी टिमोलॉल किंवा डोर्झोलामाइड चालू करतात. कुठला आणि किती वेळा हे तुमच्या धुळ्याच्या डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावून ठरवायचं, कारण टिमोलॉल डोळ्यातून रक्तात जातं आणि हृदयाचे ठोके कमी करतं, १२ किलोच्या कुत्र्यात आणि दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर हे बघावंच लागतं. टायगर एकदम सुस्त झाला, पायऱ्या चढताना थांबायला लागला तर लगेच सांगा.

डाव्या डोळ्यासाठी आणखी एक. गळ्यातला पट्टा काढून टाका आणि छातीवरून जाणारा हार्नेस घ्या, कुत्रा पट्टा ओढतो तेव्हा मानेच्या शिरा दाबतात आणि डोळ्याचं प्रेशर वाढतं, हे मोजून बघितलेलं आहे. तपासणीच्या वेळीही घरच्यांनी मान आवळून धरू नका, नाहीतर आकडा खोटाच जास्त येतो. आणि शक्य असेल तर एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी मोजून घ्या, कुत्र्यात सकाळी प्रेशर जरा जास्त असतं, तुमचं ते २१ संध्याकाळचं असेल तर सकाळचं बघायला हवं.

ड्रॉप घालायची पद्धत पण सांगतो कारण इथेच अर्धं औषध जमिनीवर जातं. एकच थेंब. डोळ्यात एकाच थेंबाची जागा असते, दुसरा गालावरून ओघळतो आणि तेवढे पैसे ओघळतात. दोन बाटल्यांमध्ये पाच-दहा मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन टाकतो. टायगरला भिंतीच्या कोपऱ्यात पाठ करून बसवा, तुम्ही मागून या, हनुवटी वर, बाटली कपाळाच्या बाजूने म्हणजे त्याला दिसत नाही. डोर्झोलामाइड थोडं झोंबतं, तो पंजाने चोळेल, दोन मिनिटं धरून बसा. मग लगेच कळण्याच्या भाकरीचा तुकडा. आठ दिवसांत तो स्वतः कोपऱ्यात येऊन बसेल बघा, कॉकर हा भाकरीसाठी काहीही करणारा प्राणी आहे. वेळा चुकवू नका, सासूबाईंच्या वेळेला त्याची वेळ जोडून टाका, त्या स्वतःचा थेंब विसरत नसणारच, त्याच टायगरच्याही थेंबाची आठवण करून देतील. म्हणून म्हटलं होतं उपयोग होणार आहे.

आणि आपल्या खान्देशची खास अडचण, ऊन. लॅटानोप्रोस्टची न उघडलेली बाटली २ ते ८ डिग्रीत ठेवायची असते, उघडल्यावर २५ डिग्रीपर्यंत बाहेर चालते आणि सहा आठवड्यांत संपवायची. पण मे महिन्यात अमळनेरात २५ डिग्री कुठे मिळणार, पहाटे चारला सुद्धा नाही. भुसावळची तर गोष्टच सोडा. म्हणून उघडलेली पण फ्रीजच्या दारातच ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नाही. फ्रीजमध्ये ठेवणाऱ्या मेडिकलमधूनच घ्या, काचेच्या कपाटात उन्हात उभी असलेली घेऊ नका. आणि धुळ्याहून येताना गाडीच्या डिकीत टाकून आणू नका, डिकी म्हणजे भट्टी. थर्मासमध्ये बर्फाचा तुकडा कापडात गुंडाळून ठेवला तरी भागतं. बाटलीवर उघडल्याची तारीख पेनने लिहा, सासूबाईंच्या बाटलीवर त्यांचं नाव लिहा म्हणजे गडबड नको. लाईट गेली चार-सहा तास तर घाबरू नका, दार उघडझाप करू नका एवढंच.

धुळ्याच्या डॉक्टरांशी आणखी एक बोलून ठेवा, आधीच, शांतपणे बसून. डावा डोळा रात्री अकराला लाल झाला, धुरकट झाला तर काय करायचं. त्यांनी लेन्स जागेवर आहे आणि आत सूज नाही हे बघून परवानगी दिली तर लॅटानोप्रोस्टचा एक थेंब डाव्या डोळ्यात घालून गाडी काढायची, अर्ध्या-एक तासात प्रेशर उतरायला लागतं आणि तेवढा वेळ मिळतो. ही परवानगी कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवा. बारा दिवस थांबायची चैन डाव्या डोळ्याला नाही, बारा तास पण जास्तच आहेत.

उजव्याचं पुढे काय होईल तेही ऐकून ठेवा म्हणजे धक्का बसणार नाही. या जातीच्या काचबिंदूत ड्रॉप बहुतेक वेळा काही महिने धरतात, मग प्रेशर त्यांना जुमानत नाही. तेव्हा न दिसणाऱ्या आणि दुखणाऱ्या डोळ्यासाठी तीन-चार ड्रॉपचा मारा करत बसण्यापेक्षा डोळा काढणं चांगलं, ऐकायला भयंकर वाटतं मला माहीत आहे, पण टाके निघाले की कुत्रा परत बॉल आणायला लागतो आणि घरचे म्हणतात आधी का नाही केलं. ती पाण्याची मोटर मंद करणाऱ्या लेझरची सोय बघायची असेल तर मुंबईला, परळचं व्हेटर्नरी कॉलेज १८८६ पासून आहे, तिथे आधी फोन करून लेझर आहे का आणि डोळ्यांच्या ओपीडीचा वार कुठला ते विचारून मगच धुळे-नाशिकमार्गे निघा, उगाच हेलपाटा नको.

पुढच्या आठवड्यात तपासणीला जाल तेव्हा दोन्ही डोळ्यांचं प्रेशर मोजायला सांगा. आणि घरी आलात की मला डाव्याचा आकडा कळवा, उजव्याचा नाही कळवला तरी चालेल.